इन्व्हर्टर बदलूनही स्क्रीन पुन्हा काळी? जुन्या लॅपटॉपचा बॅकलाइट तपासून बदलताना

लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, सुरू झाल्याचा आवाजही येतो, पण स्क्रीन काळी. टॉर्च तिरपा धरून जवळून पाहिलं तर आत डेस्कटॉप अंधुक दिसतो, आयकॉनखालची नावंही वाचता येतात. म्हणजे चित्र शाबूत आहे, चित्रामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. एवढं निदान बहुतेकांना जमतं. पंचाईत त्याच्या पुढे होते. कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की इन्व्हर्टर (बॅकलाइटला वीज पुरवणारा छोटा बोर्ड) गेला. तो बदलला जातो, स्क्रीन लख्ख उजळते, आणि काही आठवड्यांनी परत तोच अंधार. मग दुसरा इन्व्हर्टर, मग "हा मालच खराब येतो" अशी तक्रार.

हे सगळं लिहितोय ते या दुसऱ्यांदा झालेल्या अंधारासाठी. पहिल्यांदा बिघडलेला बॅकलाइट कुठल्याही एका भागामुळे गेलेला असू शकतो. पण भाग बदलल्यावर तोच दोष परतला, तर जळालेल्या भागाकडे बघू नका, त्याच्या शेजाऱ्याकडे बघा.

उजेड येतो कुठून

साधारण २०१० पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपांमध्ये पडद्यामागे एकच काचेची नळी असते. नाव कोल्ड कॅथोड फ्लुओरेसंट लॅम्प, पण काम करणारे लोक तिला सीसीएफएल किंवा नुसतं ट्यूब म्हणतात. जाडी जेमतेम २ मिलिमीटर, लांबी जवळजवळ स्क्रीनच्या रुंदीएवढी. आत निऑन आणि आर्गॉन वायू, कणभर पारा, आणि काचेला आतून फॉस्फरचा लेप. ही नळी बहुतेक पॅनलमध्ये खालच्या काठाला असते. तिचा उजेड ॲक्रिलिकच्या एका पारदर्शक पाटीत काठावरून शिरतो आणि ती पाटी तो सगळ्या पडद्यामागे पसरवते.

ट्यूब पेटायला हजार ते दीड हजार व्होल्टचा झटका लागतो. एकदा पेटली की पाचशे ते सातशे व्होल्टवर चालते, तेही ४० ते ६० किलोहर्ट्झच्या आसपासच्या एसीवर. करंट मात्र अगदी थोडा, ३ ते ७ मिलिअँपिअर. मदरबोर्डवर असलं काही नसतं, म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतो. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आडवा बसलेला लांबट, अरुंद बोर्ड, त्यावर छोटासा ट्रान्सफॉर्मर. मदरबोर्डकडून त्याला तीन गोष्टी मिळतात: डीसी पुरवठा, "पेटव" असं सांगणारा सिग्नल आणि ब्राइटनेसचा सिग्नल. या तारा बिजागरीतून वर जातात. बिजागरी रोज उघडझाप सोसते, हे लक्षात असू द्या.

एलईडी पॅनलमध्ये ट्यूब नाही आणि वेगळा इन्व्हर्टरही नाही. खालच्या काठाला बारीक एलईडींची पट्टी असते, ती चालवणारं सर्किट पॅनलच्याच बोर्डावर असतं, आणि सगळं एकाच रुंद केबलमधून येतं. ॲपलने २००७ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये एलईडी आणले. पुढच्या तीनेक वर्षांत बाकीचे उत्पादकही तिकडे वळले. त्यामुळे त्या काळातलं एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत सापडू शकतं. नुसत्या वर्षावरून अंदाज बांधू नका. पॅनलच्या कडेतून दोन तारांचा वेगळा प्लग निघून लांबट बोर्डात जात असेल (तारा बऱ्याचदा गुलाबी आणि पांढऱ्या), तर ट्यूब. तसा प्लग नसेल तर एलईडी.

स्क्रू काढायच्या आधी

ब्राइटनेसची बटणं दाबून बघा. हसू नका, असे लॅपटॉप "दुरुस्तीला" आलेले असतात. मग मशीन सुरू होताना बायोसची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी येणारी) स्क्रीन दिसते का ते पाहा. बायोसमध्ये उजेड असेल आणि ऑपरेटिंग सिस्टिम चढल्यावर जात असेल, तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे, हार्डवेअर उघडू नका. जुन्या मशीनवर नवी सिस्टिम टाकली की असं होतं, विशेषतः लिनक्सवर, जिथे बॅकलाइटचं नियंत्रण चुकीच्या ड्रायव्हरकडे जाऊन ब्राइटनेस शून्यावर बसतो.

बाहेरचा मॉनिटर जोडून चित्र नीट येतंय का हेही पाहून घ्या. आणि टॉर्च लावूनही पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर हा बॅकलाइटचा प्रश्नच नव्हे. तिथे व्हिडिओ केबल, रॅम किंवा ग्राफिक्स चिप बघायची.

यानंतर झाकणाचा स्विच. झाकण मिटलं की उजेड बंद करणारा स्विच जुन्या मॉडेलांत बिजागरीजवळचं इवलंसं बटण असतो. त्यात कचरा अडकला की ते दाबलेलंच राहतं आणि मशीनला वाटतं झाकण बंद आहे. ते चारपाच वेळा दाबून सोडा. नंतरच्या मॉडेलांत बटणाऐवजी चुंबक आणि सेन्सर असतो. तिथे लोहचुंबक असलेलं फोनचं कव्हर हात टेकायच्या जागी ठेवलं तरी स्क्रीन मालवू शकते. अधूनमधून, काही कारण नसताना उजेड जातो अशी तक्रार असेल, तर हे आधी तपासा. खर्च शून्य.

शेवटी झाकण हळूहळू मागेपुढे करा. एका ठरावीक कोनात उजेड येतो-जातो असं दिसलं तर ट्यूब आणि इन्व्हर्टर दोघंही बहुधा ठीक आहेत, बिजागरीतली तार तुटत आली आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषांत ही तार अगदी वरच्या नंबरवर आहे. इन्व्हर्टर बदलताना केबल हलते, सरळ होते, तुटलेली तार तात्पुरती जुळते. श्रेय इन्व्हर्टरला मिळतं.

उजेड कसा गेला ते आठवा

मशीनच्या मालकाला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. ट्यूब एका दिवसात मरत नाही. आधी ती मंद होते. पॅनलच्या माहितीपत्रकांत उजेड निम्मा होईपर्यंतचं आयुष्य सहसा १० ते १५ हजार तास दिलेलं असतं, म्हणजे रोज आठ तास वापर धरला तर साडेतीन ते पाच वर्षं. मग सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं स्क्रीन गुलाबी-तांबूस दिसते आणि तापल्यावर पांढरी होते. आतला पारा कमी पडू लागला की उरलेल्या वायूचा तांबूस रंग दिसतो. हे लक्षण इतकं भरवशाचं आहे की त्यानंतर मी इन्व्हर्टरवर वेळ घालवत नाही. फक्त थंडीत चांगली ट्यूबही पहिला मिनिटभर थोडी तांबूस असते, तेवढी सूट द्या.

एक-दोन सेकंद उजेड येऊन विझतो आणि झाकण मिटून उघडलं की पुन्हा एक-दोन सेकंद येतो, ही तक्रार फसवी. इन्व्हर्टर ट्यूबमधून जाणारा करंट तपासत असतो. तो अपेक्षेबाहेर गेला की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो. म्हणजे तो आपलं काम चोख करतोय! दोष ट्यूबमध्ये, तिच्या तारेत किंवा प्लगमध्ये असू शकतो. नेमक्या याच लक्षणावर सगळ्यात जास्त चांगले इन्व्हर्टर फेकले जातात.

कसलीही पूर्वसूचना न देता उजेड एकदम गेला, जळका वास आला किंवा त्याआधी खालच्या पट्टीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तर इन्व्हर्टरवर संशय घ्यायला हरकत नाही.

ट्यूब की इन्व्हर्टर

याचं पक्कं उत्तर देणारं साधन एकच: चालू असल्याची खात्री असलेली सुटी ट्यूब. फुटक्या पॅनलमधून तारा-प्लगसकट काढून ठेवलेली चालते, लांबी थोडी कमीजास्त असली तरी काही सेकंदांच्या चाचणीला फरक पडत नाही. मशीन बंद करा, बॅटरी आणि चार्जर काढा, पॅनलचा प्लग इन्व्हर्टरमधून काढून ही ट्यूब लावा, कोरड्या, वीज न वाहणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा, मग सुरू करा. लखलखीत पेटली आणि पेटलेली राहिली तर इन्व्हर्टर, केबल, मदरबोर्ड सगळे निर्दोष. पॅनलमधली ट्यूब किंवा तिच्या तारा बदलायच्या.

चालू इन्व्हर्टरला हात लावू नका. करंट थोडा असला तरी चटका बसतो आणि हात झटकताना पॅनल फुटतं. साध्या मल्टिमीटरने इन्व्हर्टरचं आउटपुट मोजायचा मोहही टाळा. इतकी फ्रिक्वेन्सी आणि पेटतानाचा व्होल्टेज यांसाठी तो बनवलेला नसतो. आकडा चुकीचा येईल आणि मीटरही जाईल.

सुटी ट्यूबही पेटली नाही, तर मल्टिमीटर इन्व्हर्टरच्या इनपुटला लावा. पुरवठ्याच्या पिनवर मशीननुसार ५ ते २० व्होल्टच्या दरम्यान काहीतरी असायला हवं, "पेटव"च्या पिनवर साधारण ३.३ किंवा ५ व्होल्ट. दोन्ही आहेत आणि ट्यूब मात्र अंधारात, तर इन्व्हर्टर गेलेला. पुरवठाच नाही, तर केबल किंवा मदरबोर्डवरचा फ्यूज. पुरवठा आहे पण "पेटव" नाही, तर झाकणाच्या स्विचकडे परत जा.

तोच दोष परत का येतो

ट्यूब म्हातारी होते तशी तिला पेटायला आणि चालायला जास्त व्होल्टेज लागतो. इन्व्हर्टरला करंट ठरलेला ठेवायचा असतो, म्हणून तो व्होल्टेज वाढवत नेतो. ट्रान्सफॉर्मरची तार केसाएवढी बारीक असते, तिच्यावरचं इन्सुलेशन ताणाखाली कधीतरी हार मानतं. आतल्या आत ठिणगी पडते, ट्रान्झिस्टर शॉर्ट होतात, फ्यूज उडतो. तुम्ही नवा इन्व्हर्टर लावता. त्याच्यात दम असतो, तो मरायला टेकलेली ट्यूबही पेटवतो. पाणी खोल गेलेल्या विहिरीवर नवा पंप बसवल्यासारखं आहे हे. पंप जोमाने ओढतो, आणि जुना ज्या कारणाने जळाला त्याच कारणाने जळतो.

म्हणून माझा नियम: इन्व्हर्टर गेलेला सापडला, तरी नवा लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांचा रंग बघायचा. कडा तांबूस, खालचे दोन्ही कोपरे काळपट किंवा एकूण उजेड पिवळसर मंद असेल तर ट्यूबही बदलायची, आत्ताच. पॅनल आधीच बाहेर काढलेलं आहे, परत उघडण्यात काय अर्थ?

दुसरं कारण तारांचं. उच्च दाबाच्या तारेचं रबर जिथे धातूच्या चौकटीला घासतं किंवा स्क्रूखाली चेपलं जातं, तिथून वीज चौकटीत गळते. अशी जागा बऱ्याचदा काळ्या ठिपक्यावरून ओळखू येते. ट्यूब नवी, इन्व्हर्टर नवा, तरी उजेड थरथरतो, तर ही गळती शोधा. तारेवर साधी चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, सिलिकॉनचं आवरण असलेली तीच तार घाला आणि ती मूळ खाचेतूनच न्या.

तिसरं, प्लग बसतो म्हणून लावलेला परका इन्व्हर्टर. आकार जुळतो, पिनही जुळतात, पण तो ट्यूबला जास्त करंट देणारा निघतो. सुरुवातीला स्क्रीन पूर्वीपेक्षाही उजळ दिसते, मालक खूश. मग ट्यूबची टोकं काळी पडत जातात. बोर्डावर छापलेला पार्ट नंबर जुळवा, दिसणं नव्हे. काही लॅपटॉपांत ब्राइटनेस साध्या व्होल्टेजने नाही, तर डिजिटल सिग्नलने ठरतो. तिथे परका इन्व्हर्टर एक तर पेटतच नाही किंवा कायम एकाच उजेडावर अडकतो.

ट्यूब बदलताना

पॅनल बाहेर काढणं सोपं: बेझलच्या (स्क्रीनभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) कोपऱ्यांतल्या रबरी टोप्यांखाली स्क्रू, मग प्लास्टिकच्या पट्टीने बेझल सोडवायचा, बिजागरीच्या पट्ट्यांचे स्क्रू, मागची केबल. बॅटरी काढल्यानंतर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज निघून जाते.

पॅनल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर पालथं ठेवा आणि घाई न करता नीट बघा. काही पॅनलमध्ये ट्यूब तिच्या यू-आकाराच्या चकचकीत खोबणीसकट एक-दोन बारीक स्क्रू काढून बाजूने सरकवता येते. तसं असेल तर काच अजिबात वेगळी करू नका, नशीब माना. तसं नसेल तर धातूची चौकट क्लिपांतून सोडवून काच उचलावी लागते. इथे एकच गोष्ट जपायची: काचेपासून बोर्डापर्यंत जाणाऱ्या पातळ लवचिक पट्ट्या. त्या काचेला चिकटवलेल्या असतात. एखादी उचकटली की स्क्रीनवर कायमची उभी किंवा आडवी रेघ येते आणि घरी ती परत जोडता येत नाही. काच आणि बोर्ड एकत्रच, पुस्तकाचं पान उलटावं तसे नव्हे, तर सपाट उचला आणि शेजारी ठेवा.

खालचे थर (ॲक्रिलिकची पाटी, तिच्याखाली पांढरा कागद, वर उजेड पसरवणाऱ्या आणि एका दिशेला वळवणाऱ्या दोन-तीन फिल्म) शक्यतो सुटे करूच नका, चिकटपट्टीने कोपऱ्यात धरून ठेवा. सुटले तर क्रम आणि कुठली बाजू वर याचा फोटो आधी काढलेला असू द्या. बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण आत राहिला की पांढऱ्या पानावर तो रोज दिसेल. पंखा बंद करूनच हे काम करा.

नवी ट्यूब घेताना काचेची लांबी आणि जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजा. २ मिलिमीटरच्या खोबणीत २.४ची घातली तर बसताना तडकते. तारा आधीच जोडलेली ट्यूब मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्या. सुटी ट्यूब असेल तर टोकाची धातूची काडी काचेजवळ अजिबात वाकवू नका. डोळ्याला न दिसणारी चीर पडते, वायू निसटतो, आणि ट्यूब लावल्यावरच कळतं. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. सांध्यावर मूळ सिलिकॉनची टोपी परत चढवा. ती उच्च दाबाचं इन्सुलेशनही आहे आणि ट्यूबला धक्क्यापासून जपणारी गादीही. बाहेर टाकून दिलेल्या टोप्या हे महिन्याभरात परत येणाऱ्या दोषाचं आणखी एक कारण.

ट्यूब खोबणीत बसली की काच लावायच्या आधी पेटवून पाहा. जुनी ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, पारा उडतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, सगळं घट्ट बंद पिशवीत घालून ई-कचऱ्यात द्या. न फुटलेली ट्यूबही तिथेच.

ट्यूबच्या जागी एलईडी पट्टी?

किट मिळतात: पट्टी आणि तिचा छोटा ड्रायव्हर बोर्ड. उच्च दाब संपतो, पाराही संपतो. पण मी सरसकट सुचवत नाही. पट्टी ॲक्रिलिकच्या काठासमोर बरोबर मधोमध बसली नाही तर खालच्या कडेला उजेडाचे ठिपके दिसत राहतात. पट्टीची मागची बाजू धातूच्या खोबणीला टेकली तर शॉर्ट होतो, मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी चिकटपट्टी) लागतेच. पट्टी हवी तिथे कापता येत नाही, खुणेवरच. आणि ब्राइटनेसची तार: काही मशीनमध्ये व्होल्टेज वाढला की उजेड वाढतो, काहींमध्ये उलट. उलट निघालं तर बॅटरीवर स्क्रीन झगझगीत आणि चार्जरवर मंद, असा विनोद घडतो.

पॅनलच दुर्मिळ असेल तर मात्र हा खटाटोप सार्थकी लागतो. थिंकपॅड टी६०पीसोबत आलेला १५ इंची, १६०० × १२०० चा आयपीएस (तिरप्या कोनातूनही रंग नीट दिसणारा) पडदा असलेले लोक म्हणूनच एलईडी बसवतात. तसा पडदा नवा मिळत नाही. साध्या १५.४ इंची १२८० × ८०० साठी तेच करणं म्हणजे हौस. अख्खं वापरलेलं पॅनल आणून लावणं कमी कटकटीचं.

पॅनल बदलायचं असेल, किंवा मुळातच एलईडी असेल

लॅपटॉपच्या मॉडेलवरून नव्हे, पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरवरच्या नंबरावरून मागवा. ट्यूबच्या पॅनलला बहुधा ३० पिनांची एलव्हीडीएस (चित्राचा सिग्नल नेण्याची जुनी पद्धत) केबल असते, त्यानंतरच्या एलईडी एलव्हीडीएस पॅनलला ४० पिनांची, आणि आणखी नव्या ईडीपी (त्याच कामाची नवी पद्धत) पॅनलला परत ३० पिनांची. दोन ३० सारखे नाहीत. पिना मोजून "बसेल" असं ठरवून जोडलं तर पॅनल आणि मदरबोर्ड दोन्ही धोक्यात.

एलईडी पॅनलमध्ये परत परत जाणारी गोष्ट म्हणजे फ्यूज. बॅटरी न काढता स्क्रीनची केबल लावली, किंवा ती एका पिनेने तिरकी बसली, की बॅकलाइटचा पुरवठा शेजारच्या पिनेला लागतो आणि मदरबोर्डवरचा किंवा पॅनलच्या बोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडतो. चित्र येतं, उजेड नाही, आणि नवं पॅनल लावूनही नाही. मशीन पूर्ण बंद असताना कनेक्टरजवळचा एफ अक्षराने सुरू होणारा भाग मल्टिमीटरने तपासा, आरपार जोडणी नसेल तर उडालेला. त्याच रेटिंगचा लावा. तारेचा तुकडा टाकून काम भागवलं तर पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी मदरबोर्डची पट्टी जळेल. स्क्रीनचा एखादाच उभा पट्टा खालून मंद दिसत असेल तर फ्यूज नाही, एलईडीची एक ओळ गेली आहे. तिथे पट्टी किंवा पॅनल बदलण्याला पर्याय नाही.

जोडणी झाल्यावर बेझलचे स्क्रू लगेच आवळू नका. पूर्ण ब्राइटनेसवर दोन-तीन तास चालू द्या, मधून मधून झाकण सगळ्या कोनांतून फिरवा, मग बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी थंड असताना सुरू करा. गरम असताना सगळंच पेटतं. सकाळी पहिल्या झटक्यात पांढरा उजेड आला की टोप्या लावा.